वाचकांचे प्रश्न : ग्राफिक्स कार्ड बदलण्याची वेळ खरोखर आली आहे का?

प्रश्न : माझा पीसी २०१८ साली असेंबल करून घेतलेला आहे. त्यात इंटेल आय५-८४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, ६ जीबीचे जीटीएक्स १०६० कार्ड आणि ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आहे. मॉनिटर १०८०पीचा, ६० हर्ट्झचा आहे. कामावरून आल्यावर रात्री तासभर खेळतो. वर्षभरापासून गेम मध्येच अडखळू लागले आहेत आणि अलीकडचे एक-दोन गेम तर सुरूच होत नाहीत. दुकानदार म्हणतात, सगळा पीसीच बदला. मित्र म्हणतो, फक्त कार्ड बदल. दुसरा मित्र म्हणतो, थांब, पुढची मालिका येऊ दे. माझ्या खिशाला वारंवार खर्च झेपणारा नाही. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या पत्रात दोन निरनिराळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या केल्या पाहिजेत. गेम सुरूच न होणे ही एक आणि सुरू झालेला गेम अडखळणे ही दुसरी. पहिलीवर कार्ड बदलण्यावाचून उपाय नाही. दुसरीत मात्र दोष कार्डाचाच आहे, हे अजून सिद्ध व्हायचे आहे आणि ते सिद्ध होईपर्यंत आपण दुकानाची पायरी चढू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

पहिल्या तक्रारीचे कारण सरळ आहे. आपले कार्ड जुलै २०१६मध्ये बाजारात आले, तेव्हा गेममधील प्रकाशाची किरणे एकेक करून मोजण्यासाठी, म्हणजे रे ट्रेसिंगसाठी, लागणारी खास यंत्रणा घरगुती कार्डांत नव्हती. आपल्या कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हीडियाने ती सप्टेंबर २०१८मध्ये आरटीएक्स २० मालिकेपासून आणली. पुढची काही वर्षे रे ट्रेसिंग ही हवे तर चालू करण्याची, नको तर बंद ठेवण्याची गोष्ट राहिली. डिसेंबर २०२४मध्ये आलेल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ने आणि मे २०२५मध्ये आलेल्या ‘डूम : द डार्क एजेस’ने ती सक्तीची केली. या दोन्ही गेमना किमान आरटीएक्स २०६० सुपर किंवा एएमडीच्या आरएक्स ६६०० या दर्जाचे कार्ड लागते. इथे सेटिंग कितीही उतरवले तरी उपयोग होत नाही, कारण कमतरता वेगाची नसून यंत्रणेच्या अभावाची आहे. शिवाय ऑक्टोबर २०२५पासून एनव्हीडियाने या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमना अनुसरून ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) काढणे थांबवले असून ऑक्टोबर २०२८पर्यंत फक्त सुरक्षेपुरते अपडेट मिळत राहतील. तेव्हा आपल्याला खेळायचे असलेले गेम जर या जातीचे असतील, तर कार्डाची सद्दी संपली, हे मान्य करावे. पण आपण जुनेच गेम पुन्हा पुन्हा खेळणारे असाल, तर काल चालणारा गेम ड्रायव्हर थांबल्यामुळे उद्या बंद पडत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आता अडखळण्याकडे वळू. आपल्या पत्रातील ज्या शब्दांनी माझे लक्ष वेधले, ते ‘जीटीएक्स १०६०’ हे नव्हते. ते ‘८ जीबी रॅमची एकच स्टिक’ हे होते. विंडोज, मागे उघडा राहिलेला ब्राउझर आणि गेमचा लाँचर यांनी त्यातली निम्मी जागा आधीच अडवलेली असते. उरलेल्या जागेत आजचा मोठा गेम मावत नाही, मग तो सामान डिस्कवर ठेवतो आणि लागेल तसे परत उचलून आणतो. गेममध्ये आपण घोड्यावरून गावात शिरता आणि चित्र क्षणभर गोठते, ते बहुधा त्याच वेळी. त्यातच स्टिक एकच असल्यामुळे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातला रस्ता निम्म्या रुंदीचा राहतो. अशा पीसीत नवे कार्ड बसवले, तर सरासरी फ्रेमचा (सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांचा) आकडा वाढेल, पण गचके तसेच राहतील, आणि पैसे खर्चूनही मन प्रसन्न होणार नाही.

म्हणून एका संध्याकाळी पुढील परीक्षा घ्यावी. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारे रिव्हाट्यूनर ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात आणि कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतात. त्यांच्या साहाय्याने कार्डाचा वापर, तापमान, क्लॉक (चिपचा वेग), व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), साधी रॅम आणि फ्रेमची संख्या खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात दिसू द्यावी. ज्या जागी गेम हमखास अडखळतो, तिथे सेव्ह करून दहा मिनिटे खेळावे आणि आकडे वहीत लिहून ठेवावेत. मग बाकी सगळे तसेच ठेवून रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणावे आणि त्याच जागी पुन्हा खेळावे. ७२०पीमध्ये कार्डाला रंगवावे लागणारे ठिपके निम्म्याहून कमी होतात, प्रोसेसरचे काम मात्र जवळपास तेवढेच राहते. फ्रेम ४०वरून ६५वर गेल्या आणि १०८०पीवर कार्डाचा वापर सतत ९७-९९ टक्के होता, तर कार्ड कमी पडते आहे. फ्रेम ४०वरून ४३वरच अडल्या, तर अडवणूक प्रोसेसर किंवा रॅम करते आहे आणि बाजारातले सर्वांत महाग कार्ड आणले तरी ते त्या दोघांची वाट पाहत बसेल. सरासरीवर मात्र एकट्या विसंबू नये. ‘एक टक्का लो’ या नावाने दाखवला जाणारा आकडा, म्हणजे सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा वेग, जास्त खरे बोलतो. सरासरी ५५ आणि हा आकडा १८ असेल, तर डोळ्याला जाणवतात ते हे १८च.

व्हीरॅमची परीक्षा वेगळी करावी लागते, कारण आफ्टरबर्नर दाखवतो तो आकडा गेमने अडवलेल्या जागेचा असतो, गरजेच्या जागेचा नव्हे. गेमच्या सेटिंगमध्ये टेक्स्चर (भिंती-वस्तूंवरची चित्रे) फक्त एक पायरी खाली आणावे आणि बाकी कशालाही हात लावू नये. मान वळवताना बसणारे गचके तेवढ्याने गेले, भिंतीवरचे चित्र आधी मेण वितळल्यासारखे दिसून मग स्पष्ट होण्याचा प्रकार थांबला, तर व्हीरॅम पुरत नव्हती, असे समजावे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे फार जण विसरतात, ती उष्णतेची. गेल्या मे महिन्यात माझ्या भाच्याचा पीसी मी स्वतः उघडला. त्यातही आपलेच कार्ड होते. गेम सुरू होताच तापमान ८३ अंशांवर जाऊन तिथेच थबकत होते आणि क्लॉक १,८५० मेगाहर्ट्झवरून १,६०० च्या आसपास उतरत होता. हे कार्ड ८३ अंशांच्या पुढे जाऊ नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करते. त्याला कार्ड म्हातारे झाले असे म्हणत नाहीत. पंखे काढले तेव्हा हीटसिंकच्या पात्यांमध्ये कापडाच्या घडीसारखा धुळीचा थर निघाला, आणि चिपवरची थर्मल पेस्ट खडूसारखी कोरडी होऊन नखाने सुटत होती. ब्रशने धूळ काढली, नवी पेस्ट लावली, कॅबिनेटची मागची बाजू भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. त्याच गेममध्ये तापमान ७० अंशांवर स्थिरावले. एका ट्यूबच्या खर्चात भाच्याचे आणखी एक वर्ष निघाले. आपल्या कार्डाला सात-आठ उन्हाळे झाले आहेत. तेव्हा हे काम आधी करावे. स्क्रू खोलण्याचा सराव नसेल, तर भरवशाच्या दुरुस्तीवाल्याकडून समोर बसून करून घ्यावे. पंखा ब्लोअरने उडवताना तो बोटाने धरून ठेवावा. मोकळा सोडला तर तो भलत्या वेगाने फिरून खराब होतो.

रॅमची दुसरी स्टिक लावून जोडी पूर्ण केली, धूळ काढली, पेस्ट बदलली आणि तरीही ७२०पीच्या परीक्षेत कार्डच कमी पडते असे दिसले, तर ते जरूर बदलावे. तेव्हा सगळा पीसी बदलण्याची घाई नको, कारण नवे कार्ड पुढच्या पीसीत उचलून नेता येते. मात्र आपल्या मदरबोर्डाकडे पाहून निवड करावी. तो पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या व्यवस्थेच्या, तिसऱ्या पिढीचा आहे. आरटीएक्स ४०६०, ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डे बोर्डाशी बोलण्यासाठी सोळाऐवजी आठच लेन वापरतात. नव्या बोर्डावर त्याने काही बिघडत नाही. जुन्या बोर्डावर व्हीरॅम भरली की सामानाची ने-आण अरुंद वाटेने होते आणि गचके पुन्हा सुरू होतात. म्हणूनच आपल्यासारख्या पीसीत ८ जीबीचे कार्ड घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जून २०२५मध्ये आलेले आरएक्स ९०६० एक्सटी पूर्ण सोळा लेन वापरते. त्याचा १६ जीबीचा प्रकार आपल्याला बरीच वर्षे पुरेल. ५०६० टीआयप्रमाणे तेही ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत एकाच नावाने विकले जाते, तेव्हा बिलावर आणि खोक्यावर आकडा वाचूनच पैसे द्यावेत. इंटेलचे बी५८० हे १२ जीबीचे कार्ड किमतीच्या मानाने चांगले असले, तरी ते रीसायझेबल बार या, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणाऱ्या, सोयीवर अवलंबून आहे आणि इंटेल त्यासाठी दहाव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर मागते. आपला आठव्या पिढीचा असल्याने ते आपल्यासाठी नव्हे.

एसएमपीएसकडे दुर्लक्ष करू नये. आपले आताचे कार्ड जेमतेम १२० वॅट घेते, नवे १६० ते १८० घेईल. ४५० वॅटचा चांगल्या प्रतीचा एसएमपीएस हे कदाचित पेलेल, पण त्याच्या वयाचा विचार करता ५५० ते ६५० वॅटचा नवा घेण्याचे पैसे बाजूला ठेवावेत. विजेचा चढउतार पाहता या भागावर केलेली काटकसर मला कधीच पटलेली नाही.

जाहिरातीत दिसणाऱ्या ‘दुप्पट’, ‘तिप्पट’ फ्रेमविषयीही सावध असावे. त्यातला मोठा वाटा फ्रेम जनरेशनचा असतो, म्हणजे दोन खऱ्या फ्रेममध्ये कार्ड स्वतः कल्पून घातलेल्या फ्रेमचा. त्यामुळे चित्र गुळगुळीत दिसते, पण माऊस हलवल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कमी होत नाही. मुळात ३० फ्रेम मिळत असतील, तर हात ३०चाच जडपणा अनुभवतो. तुलना करायची ती या सोयी बंद ठेवून, आपल्याच रिझोल्यूशनवर, आपण खेळतो त्याच गेममध्ये. अशा तुलनेत निदान दीडपट वाढ दिसत नसेल, तर मी पैसे खर्च करणार नाही. ४० फ्रेमच्या ५० झाल्या, तर प्रत्येक फ्रेमचा वेळ २५ मिलिसेकंदांवरून २० वर येतो आणि चार दिवसांत तो फरक विसरायला होते. ४०च्या ६५ झाल्या, तर तो पंधरावर येतो आणि परत मागे जावेसे वाटत नाही.

राहिला थांबण्याचा प्रश्न. एनव्हीडियाच्या मालिका २०१६, २०१८, २०२०, २०२२ आणि २०२५च्या जानेवारीत आल्या. म्हणजे दोन-सव्वादोन वर्षांनी कोणीतरी ‘थांब’ म्हणणारच. नव्या कार्डाची तारीख जाहीर झालेली असेल आणि ती महिन्या-दीड महिन्यावर असेल, तर थांबण्यात शहाणपण आहे. नुसत्या वदंतेवर थांबू नये. त्यातच २०२५च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढले आहेत आणि त्याची झळ रॅम व कार्डे या दोन्हींना बसते आहे. तूर्त ८ जीबीची एक जुनी डीडीआर४ स्टिक मिळवून भागत असेल, तर तेवढेच करावे.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. तीन वर्षांपूर्वी त्याच्या बाबांनी त्याला पीसी घेऊन दिला. त्यात रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० कार्ड आहे, असे तो सांगतो. आता नवा जीटीए येणार म्हणून आत्ताच मोठे कार्ड घ्यायचा हट्ट धरून बसला आहे. ‘साठच्या वर फ्रेम जातच नाहीत’ असेही म्हणतो. आम्हाला यातले कळत नाही. त्याचे म्हणणे खरे आहे का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, मुलगा खोटे बोलत नसावा, पण त्याने काढलेला निष्कर्ष बरोबर आहे, असे मला वाटत नाही.

फ्रेमचा आकडा वरखाली न होता नेमका ६०वर थांबत असेल, तर कार्ड थकल्याचे ते लक्षण नाही. थकलेले कार्ड कधी ५२, कधी ६७, कधी ४५ दाखवते. ६०वर बांधल्यासारखे राहणे म्हणजे कोणीतरी मुद्दाम मर्यादा घातली आहे. त्याला आपल्यासमोर विंडोजच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले आणि त्यात ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडायला सांगावे. तिथे रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती चित्रे दाखवतो तो आकडा, दिसतो. मॉनिटर १४४ किंवा १६५ हर्ट्झचा घेतलेला असूनही तिथे ६०च राहिलेले मी कितीतरी घरांत पाहिले आहे; पीसी बसवून देणारा माणूस ते बदलायला विसरतो आणि वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. त्यानंतर गेममधील व्ही-सिंक आणि फ्रेम लिमिट ही दोन सेटिंग पाहावीत. आणि मॉनिटर मुळातच ६० हर्ट्झचा निघाला, तर कोणतेही कार्ड आणले तरी पडदा सेकंदाला साठच चित्रे दाखवणार. तशा वेळी पैसे खर्चायचेच असतील, तर ते मॉनिटरवर खर्चावेत; मुलाला फरक त्याच दिवशी दिसेल.

आता नव्या जीटीएविषयी. तो गेम प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज या यंत्रांसाठी म्हणून जाहीर झाला; पीसीचा उल्लेख त्या घोषणेत नव्हता. जीटीए काढणाऱ्या कंपनीचा आधीचा शिरस्ता पाहावा. जीटीए ५ सप्टेंबर २०१३मध्ये कन्सोलवर आला आणि पीसीवर एप्रिल २०१५मध्ये, म्हणजे १९ महिन्यांनी. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ ऑक्टोबर २०१८मध्ये कन्सोलवर आणि नोव्हेंबर २०१९मध्ये पीसीवर. जो गेम पीसीवर कधी येणार, हे ठरलेले नाही आणि त्याला काय लागणार, हेही कोणाला माहीत नाही, त्याच्यासाठी आज कार्ड घेणे म्हणजे मुलाच्या वाढत्या वयात पुढच्या वर्षीचा गणवेश आत्ताच शिवून ठेवण्यासारखे आहे. तो गेम पीसीवर येईल, तेव्हा त्याच पैशांत अधिक चांगले कार्ड मिळण्याची शक्यता आहे.

३०६० फेब्रुवारी २०२१चे असले, तरी १०८०पीवर ते आजही चांगले काम देते. त्यात रे ट्रेसिंगची यंत्रणा आहे, त्याच्या १२ जीबी व्हीरॅमचा हेवा नंतर आलेल्या ४०६०लाही वाटावा, कारण त्या कार्डात आठच जीबी आहे. आणि जानेवारी २०२५मध्ये आलेले डीएलएसएसचे (कमी ठिपक्यांच्या चित्रातून स्पष्ट चित्र घडवण्याच्या सोयीचे) सुधारित प्रारूप जुन्या आरटीएक्स कार्डांनाही मिळाले आहे. दोन कामांसाठी मात्र ते खरोखर अपुरे पडेल. मुलाने १४४०पीचा मॉनिटर घेतला, तर कार्डाला १०८०पीच्या पावणेदोन पटींपेक्षा थोडे जास्त ठिपके रंगवावे लागतील. आणि ब्लेंडरसारखे थ्रीडीचे काम तो मनापासून शिकू लागला, तर मोठ्या कार्डाने त्याचे तास वाचतील. यांपैकी काही घडले, तर त्याची मागणी रास्त समजावी. तोवर त्याला वर सांगलीच्या वाचकांना सुचवलेली परीक्षा घेऊन आकडे वहीत लिहून दाखवायला सांगावे. त्याला कमी लेखण्यासाठी नव्हे. त्याच्या आवडीला आपण गांभीर्याने घेतो, हे त्याला त्यातून कळेल आणि आकड्यांनी त्याची बाजू खरी ठरली, तर आपणही मोकळ्या मनाने हो म्हणू शकाल.

प्रश्न : ८ जीबीचे सेकंडहँड आरएक्स ५८० स्वस्तात मिळते आहे. सध्या माझ्याकडे ४ जीबीचे जीटीएक्स १६५० आहे. विकणारा म्हणतो, कार्ड मायनिंगला (आभासी चलन मिळवण्याच्या कामाला) वापरलेले नाही. घ्यावे का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : घेऊ नये, आणि त्याचे कारण मायनिंग नाही. आरएक्स ५८० हे एप्रिल २०१७चे कार्ड असून तुमच्या १६५० पेक्षा दोन वर्षांनी जुने आहे. व्हीरॅम दुप्पट मिळेल हे खरे, पण रे ट्रेसिंगची यंत्रणा त्यातही नाही, वेगात फार मोठी झेप नाही आणि ७५ वॅटच्या जागी १८५ वॅट लागतील. १६५०ची बरीच मॉडेल स्वतंत्र पॉवर केबलशिवाय चालतात; तुमचा एसएमपीएस त्याच हिशेबाने घेतलेला असेल, तर खर्च तिथेच वाढेल.

सेकंडहँडच घ्यायचे असेल, तर आणखी थोडे पैसे साठवून १३२ वॅटचे आरएक्स ६६०० किंवा १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० शोधावे. इथेरियमची ग्राफिक्स कार्डांवरची मायनिंग सप्टेंबर २०२२मध्ये संपली, त्यामुळे त्या काळात रात्रंदिवस राबलेल्या कार्डांची तीन वर्षांची वॉरंटी एव्हाना बहुधा उलटून गेलेली असते. चिपपेक्षा त्यांचे पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड अधिक झिजलेले असतात. म्हणून विकणाऱ्याच्या घरी जाऊन कार्ड चालू पीसीत बसवलेले पाहावे, अर्धा तास एखादा जड गेम स्वतः खेळावा, पंख्याचा घरघराट ऐकावा, पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकोन उमटतात का ते बघावे. मूळ बिल मागावे आणि बिलावरचा सीरियल नंबर कार्डावरच्या स्टिकरशी ताडून घ्यावा. अर्ध्या तासाची परीक्षा घेऊ देण्यास कोणी नकार दिला, तर किंमत कितीही कमी असली तरी परत फिरावे.